कौलं निवडताना: आधी उतार, मग वजन, रंग शेवटी

कौलाचा नमुना हातात आला की माणूस आधी त्याचा रंग बघतो. मग टिचकी मारून आवाज ऐकतो, कारण असं करायचं असतं हे त्यानं कुठंतरी ऐकलेलं असतं. मग भाव विचारतो. छपराचा उतार किती, हा प्रश्न त्या सगळ्या बोलण्यात येतच नाही. पुढे पहिल्याच वादळी पावसात छप्पर गळू लागलं की दोष कौलाच्या माथी बसतो. पुष्कळदा कौल बिचारं निर्दोष असतं. ते नको त्या छपरावर चढवलेलं असतं, एवढंच.

कौलारू छप्पर म्हणजे डब्याचं झाकण नव्हे. त्याला शेकडो सांधे असतात आणि ते सगळे उघडे असतात. आतून दिव्याखाली पाहिलं तर अंधारलेलं, पण भर दुपारी माळ्यावर चढलं तर कौलांच्या फटींतून उजेडाच्या रेघा दिसतात. तरीही पाणी आत येत नाही, कारण वरच्या कौलानं आपलं पाणी खालच्या कौलाच्या पाठीवर सोडायचं, त्यानं त्याच्या खालच्याच्या, असं करत ते वळचणीपर्यंत पोचवायचं, ही त्यातली सगळी युक्ती आहे. पाणी अडवायचं नाही, घाईघाईनं पुढे ढकलायचं. ही घाई उतारामुळे येते.

उतार कमी झाला की दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे पाणी रेंगाळतं आणि वारा त्याला उलटं वर ढकलू शकतो. दुसरी जास्त फसवी आहे. दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना जवळजवळ चिकटून असले की त्यांच्यामधल्या बारीक फटीत पाणी आपोआप चढतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच. वारा नसतानाही चढतं. उतार तीव्र असेल तर या चढाईला उंची फार गाठावी लागते आणि ती मध्येच संपते. उतार मंद असेल तर तेवढ्याच चढाईत पाणी वरच्या कडेपर्यंत पोचतं आणि मागच्या बाजूनं आत उतरतं.

कौलांचे निरनिराळे आकार या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरं आहेत, असं म्हटलं तर चुकणार नाही. भाजलेल्या मातीनं घर शाकारण्याची कल्पना फार जुनी. ग्रीसमधल्या लेर्ना इथं उत्खननात सापडलेल्या, चार हजारांहून अधिक वर्षं जुन्या एका मोठ्या इमारतीला पुरातत्त्वज्ञ ‘कौलांचं घर’ म्हणूनच ओळखतात, कारण तिथं भाजलेल्या कौलांचा खच सापडला. तेव्हापासून आकार बदलत गेले, पण ढोबळमानानं तीन घराणी धरली तरी पुरे.

पहिलं घराणं नळ्यांचं. अर्धगोल कौलांची एक रांग उताणी, तिच्या दोन कडांवर पालथी दुसरी रांग. उताण्या रांगेची पन्हाळ होते आणि पाणी त्या पन्हाळीतून खाली जातं. दिसायला देखणं, पण एकेका चौरस मीटरला कौलं खूप लागतात आणि ती नुसती एकमेकांवर टेकलेली असल्यानं हलतात.

दुसरं घराणं सपाट कौलांचं. हे म्हणजे माशाचे खवले. यांच्या शेजारशेजारच्या सांध्यांतून पाणी खाली जातंच, म्हणून प्रत्येक ठिकाणी निदान दोन थर येतील अशी ती रचावी लागतात. साधारण २६५ बाय १६५ मिलिमीटरचं सपाट कौल घेतलं आणि रिपा, म्हणजे कौलं टेकवायच्या आडव्या लाकडी पट्ट्या, दर १०० मिलिमीटरवर ठोकल्या तर एका चौरस मीटरला ६० कौलं बसतात. म्हणजे प्रत्येक कौलाचा फक्त १० सेंटिमीटर भाग दिसतो, बाकीचा वरच्यांच्या पोटाखाली.

तिसरं घराणं खोबणीच्या कौलांचं. फ्रान्सच्या अल्सास भागातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये अशा कौलाचं पेटंट घेतलं आणि कौलांच्या जगात उलथापालथ झाली. एका कडेला खोबण, दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारी पट्टी. आपण ज्याला मंगळुरी कौल म्हणतो ते याच कुळातलं. १८६० च्या दशकात बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्यानं मंगळूरला कारखाना काढला, त्यातून ते आलं. खोबणीचं खरं काम कौलं एकमेकांत अडकवणं हे आहे, असं वाटतं. ते आहेच, पण त्याहून मोठं काम म्हणजे खोबणीतली ती रुंद पोकळी. वातीसारखं चढत आलेलं पाणी त्या पोकळीशी आलं की अडतं, कारण रुंद जागेत त्याला चढता येत नाही. मग ते खोबणीतून खाली वाहून जातं. म्हणून दुहेरी थराची गरज उरली नाही. एकाच थरात काम भागतं, आणि चौरस मीटरला ६० ऐवजी १५ च्या आसपास कौलं पुरतात.

आता उताराचे आकडे. सपाट मातीच्या कौलांना साधारण ३५ अंशांच्या खाली न्यायचं नाही, हा बराच मान्य संकेत आहे. खोबणीची कौलं त्याहून मंद उतार सोसतात. काही खास नमुने तर खाली पाणी अडवणारं अस्तर घालून २० अंशांच्याही खाली चालवले जातात. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या संहितेत मातीच्या कौलांना आडव्या १२ मागे उभे अडीच, म्हणजे सुमारे १२ अंश, ही अगदी शेवटची मर्यादा दिली आहे. पण १२ मागे ४, म्हणजे सुमारे साडेअठरा अंशांपेक्षा उतार कमी असेल तर खाली दुहेरी अस्तर सक्तीचं आहे. याचा अर्थ सरळ आहे: इतक्या मंद उतारावर पाणी कौल नव्हे, अस्तर अडवतं. वरचं कौल तिथं शोभेला आणि उन्हाला.

उतार मोजायला यंत्र लागत नाही. एक मीटर लांबीची पट्टी पाणसळीनं आडवी धरायची, तिचं छपराच्या माथ्याकडचं टोक वाशाला टेकवायचं आणि दुसऱ्या टोकापासून खाली वाशापर्यंतचं अंतर मोजायचं. ३६ सेंटिमीटर आलं तर २० अंश, ४७ आलं तर २५, ५८ आलं तर ३०, ७० आलं तर ३५ आणि पूर्ण १०० आलं तर ४५. यात एक मेख आहे. हा वाशाचा उतार झाला. कौलाचं खालचं टोक दुसऱ्या कौलावर टेकलेलं असतं, त्यामुळे ते जरा उचललेलं राहतं आणि कौलाचा स्वतःचा उतार वाशापेक्षा काही अंशांनी कमीच भरतो. म्हणून काठावरचे आकडे धरून चालू नये. कारखान्यानं त्या नमुन्याला २५ अंश सांगितले असतील आणि आपलं छप्पर बरोबर २५ चं असेल, तर मी तरी तो नमुना घेणार नाही. छपराची एक बाजू, म्हणजे पाखं, खूप लांब असेल तर आणखी सावध. आढ्यापासून, म्हणजे छपराच्या माथ्यापासून, निघालेलं पाणी खाली येता येता वाढत जातं, आणि वळचणीजवळच्या ओळींना वरच्या साऱ्या ओळींचं पाणी वाहावं लागतं.

उतार कळला की निम्मी कौलं आपोआप यादीतून गळतात. उरलेल्यांना वजनाची चाळणी लावायची.

खोबणीच्या कौलांचं छप्पर चौरस मीटरला साधारण ४० ते ५० किलो भरतं. सपाट कौलांचं, दुहेरी थरामुळे, ६५ ते ७५. पाखी धरून छपराचं क्षेत्र १०० चौरस मीटर असेल आणि कौलं ४५ किलोंची, तर साडेचार टन झाले. शिवाय कौल पाणी पितं. वजनाच्या १५ टक्के पाणी पिणारं कौल पूर्ण भिजलं तर त्याच छपरावर आणखी पावणेसातशे किलो चढतात, आणि तेही नेमकं वादळ चालू असताना. लाकडी सांगाडा या वजनासाठी घडवलेला असेल तर काहीच चिंता नाही. पण पातळ लोखंडी पत्रे काढून कौलं घालायची असतील तर थांबा. असा पत्रा चौरस मीटरला पाचेक किलो भरतो. वजन एकदम नऊदहा पट होतं. वासे लगेच मोडत नाहीत. वर्ष-दोन वर्षांत हळूहळू वाकतात, आढं मधोमध बसतं, कौलांमधल्या फटी उघडतात, आणि मग गळतं. इथं बांधकाम अभियंत्याला विचारण्याला पर्याय नाही.

क्षेत्र काढताना एक चूक हमखास होते. जमिनीवरची लांबी-रुंदी गुणून कौलं मागवली जातात. पाखं तिरकं असतं, म्हणून ते मोठं असतं: ३० अंशांना सुमारे १५ टक्क्यांनी, ३५ ला २२ टक्क्यांनी, ४५ ला तब्बल ४१ टक्क्यांनी. वळचणीचा बाहेर आलेला भागही त्यात धरायचा.

आता पाणी पिण्याबद्दल सविस्तर बोलू, कारण इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

भाजलेल्या मातीत सूक्ष्म छिद्रं असतात. भट्टीत माती तापत जाते तसं तिच्यातलं जडलेलं पाणी निघून जातं, मग १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तिचे काही घटक वितळल्यासारखे होऊन कण एकमेकांना सांधतात. जितकं हे सांधणं पुरं, तितकी छिद्रं कमी. कच्चं भाजलेलं कौल मऊ, फिकट, हात लावला तर भुकटी सोडणारं. जास्त भाजलेलं गडद आणि टणक, पण वाकडं. टिचकीचा आवाज यातलं थोडंफार सांगतो: नीट भाजलेलं कौल खणखणतं, कच्चं किंवा तडकलेलं भद्द वाजतं. टिचकी तडा पकडायला उत्तम. पण आवाज छान म्हणून कौल छान, असं उलटं म्हणता येत नाही.

कौल किती पाणी पितं ते घरी मोजता येतं. कौल पूर्ण वाळवायचं, वजन करायचं, २४ तास पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून पुसायचं आणि पुन्हा वजन करायचं. कोरडं २.४० किलो आणि ओलं २.७६ किलो भरलं तर वाढ ०.३६ किलोची, म्हणजे १५ टक्के. एकाच कौलावर थांबू नये. भट्टीत मधली आणि कडेची कौलं सारखी भाजली जात नाहीत. वेगवेगळ्या थप्प्यांतली पाच-सहा घ्यावीत. आणि सरासरीपेक्षा त्यांच्यातला फरक बघावा. सगळी १४-१५ टक्क्यांची असतील तर मला ती आवडतील. एक ९ चं आणि एक १९ चं असेल तर भट्टीवर कुणाचं लक्ष नव्हतं असं समजायचं.

मात्र पाणी पिणं वेगळं आणि पाणी झिरपू देणं वेगळं. पुष्कळ पाणी पिणारं कौलही खालून कोरडं राहू शकतं, कारण छिद्रं आरपार जोडलेली नसतात. आणि थोडं पाणी पिणारं कौल एखाद्या केसाएवढ्या तड्यामुळे टिपकू शकतं. याची परीक्षा वेगळी. कौल उताणं-पालथं नव्हे, छपरावर बसेल त्याच बाजूनं वर धरून आडवं ठेवायचं, कडेनं चिकणमातीचा किंवा मेणाचा बांध घालायचा, आत बोटभर पाणी भरायचं आणि काही तास खालची बाजू बघायची. नुसता दमटपणा आला तर घाबरायचं कारण नाही. थेंब लोंबकळू लागला आणि पडला, तर ते कौल नको.

टक्केवारी कुठली चांगली हे हवेवर ठरतं. जिथं बर्फ पडतं, किंवा रात्री पारा शून्याखाली जाऊन दिवसा वर येतो, तिथं हा आकडा जीवनमरणाचा. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि भरलेल्या छिद्रांच्या भिंती फोडतं. कौलाचे पापुद्रे निघतात. अमेरिकेच्या ‘एएसटीएम सी ११६७’ या मानकात म्हणून कौलांच्या तीन श्रेणी आहेत: पाच कौलांची सरासरी शोषकता, म्हणजे पाणी पिण्याचं प्रमाण, पहिल्या श्रेणीला ६ टक्क्यांपर्यंत, दुसरीला ११ आणि तिसरीला १३. तिसऱ्या श्रेणीचं कौल गोठणाऱ्या हवेसाठी नाहीच. युरोपात ‘ईएन १३०४’ मानकाखाली कौल खरोखरच पुन्हा पुन्हा गोठवून-वितळवून तपासतात, आणि तो मार्ग मला जास्त पटतो, कारण छिद्रं किती याइतकंच ती केवढी आहेत यावरही सारं अवलंबून असतं. भारतात मंगळुरी कौलांसाठी ‘आयएस ६५४’ आहे. त्यात ‘एए’ आणि ‘ए’ असे दोन वर्ग पडतात, शोषकता आणि मोडण्याचं वजन यांवरून. जिथं पाणी कधी गोठतच नाही तिथं ६ टक्क्यांच्या कौलासाठी जास्तीचे पैसे मोजणं म्हणजे उन्हाळ्यात लोकरीचा कोट घेणं.

समुद्रालगत बर्फाची जागा मीठ घेतं. खारं पाणी छिद्रांत शिरतं, सुकतं, मिठाचे खडे वाढतात आणि तेही भिंती फोडतात. तिथं कमी शोषकतेचं कौल खरोखर उपयोगी. नव्या कौलावर कधी कधी पांढरी पावडर दिसते ती वेगळी. मातीतले क्षार वर आलेले असतात. पुष्कळदा पाऊस ते धुऊन नेतो. दर वर्षी येत राहिले तर मात्र माती खराब.

पांढऱ्या पावडरीपेक्षा पांढरा ठिपका जास्त धोक्याचा. मातीत चुनखडीचे बारीक खडे राहिले तर भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. तो हवेतली ओल घेऊन फुगतो आणि कौलाचा टवका उडवतो. खळग्याच्या तळाशी पांढरा कण दिसतो. या रोगाचं ज्ञान जुनं आहे. इंग्लंडमध्ये १४७७ साली कौलांचा कायदाच झाला: माती १ नोव्हेंबरपूर्वी खणायची, १ फेब्रुवारीपूर्वी उलथीपालथी करायची, मार्चआधी कौलं पाडायची नाहीत, आणि तिच्यातून दगड व खडू निघाला पाहिजे. कायद्यानं ठरवलेलं सपाट कौल साडेदहा इंच लांब होतं. वर सांगितलेलं २६५ मिलिमीटरचं कौल म्हणजे जवळपास तेच माप. साडेपाचशे वर्षांत फारसं हललेलं नाही. चुन्याचा दोष ओळखायला वेळ लागतो, म्हणून नमुन्याची दोन-चार कौलं आधी आणून काही आठवडे ओल्या हवेत पडू द्यावीत.

आकाराची तपासणी सोपी. कौल सपाट फरशीवर ठेवून कोपरे दाबा. टेबल डुगडुगतं तसं डुगडुगलं तर ते पिळलेलं. एकेक पिळलेलं कौल चालून जातं, पण ओळीत तीन शेजारी आली की खोबण बसत नाही. वाळताना आणि भाजताना माती आकसते, त्यामुळे लांबीत थोडा फरक असणारच. ४०० मिलिमीटरच्या कौलात २ टक्के म्हणजे ८ मिलिमीटर. पंधरा ओळींत तेच १२ सेंटिमीटर होतात. म्हणूनच कागदावरच्या मापानं रिपा ठोकायच्या नाहीत. आलेल्या मालातली दहा कौलं एकाखाली एक जोडायची, एकदा घट्ट सरकवून आणि एकदा खोबण सुटणार नाही इतपत ताणून मापायची, आणि दोन्हींची सरासरी काढून रिपांमधलं अंतर ठरवायचं. कौलं येण्याआधी रिपा ठोकून मोकळा होणारा सुतार कितीही हुशार असला तरी त्याला थांबवा.

कौल वजनानं जागेवर राहतं, हे अर्धंच खरं. वारा छपरावरून जाताना मागच्या पाख्यावर आणि कडांना ओढ निर्माण करतो. कौल दाबलं जात नाही, वर उचललं जातं. सगळ्यात जास्त ओढ वळचण, बाजूच्या कडा, आढं आणि कोपरे इथं. तिथलं प्रत्येक कौल खिळ्यानं, तारेनं किंवा क्लिपनं बांधलेलं हवं. म्हणून निवडताना कौलाला छिद्र आहे का हे बघा. आणि खिळा तांब्याचा किंवा स्टेनलेस स्टीलचा. साधा लोखंडी खिळा कौलाच्या आधी मरतो. जुनी छपरं उतरवतात ती बहुतेकदा कौलं झिजली म्हणून नव्हे, खिळे गंजले, रिपा कुजल्या आणि अस्तर फाटलं म्हणून.

आढ्यावरची, कोनांची आणि कडेची कौलं त्याच कारखान्यात मिळतात का, हेही आधीच विचारावं. साधं कौल एका ठिकाणचं आणि आढ्याचं दुसरीकडचं घेतलं की वक्र जुळत नाही, मग मधली जागा सिमेंटच्या जाड गोळ्यानं भरली जाते. छप्पर तापतं-निवतं, हलतं. सिमेंट हलत नाही, ते तडकतं. कौलारू छपरातली गळती शोधायची असेल तर मी आधी आढं बघतो, मग दोन पाखी मिळतात तिथली पन्हाळ.

राहिला रंग. लाल रंग मातीतल्या लोहाचा. भट्टीत हवा कोंडून भाजलं तर तेच लोह काळपट-राखी होतं. हा रंग कौलाच्या अंगातला आहे, उन्हानं उडत नाही. शेवाळ आणि धूळ त्याला झाकतात एवढंच. झिलईचं, म्हणजे वर काचेसारखा लेप असलेलं, कौल चकचकीत राहतं आणि शेवाळ कमी धरतं, पण झिलई म्हणजे ताकद नव्हे. मागची बाजू तशीच असते, तिथून ओल शिरते आणि झिलईमुळे बाहेर पडायला वाट उरत नाही. वरून तेलरंग फासलेलं कौल मी कुणालाच सुचवणार नाही. एकाच रंगाची कौलंही थप्पीगणिक जराशी वेगळी असतात, म्हणून चढवताना तीन-चार थप्प्यांतून मिसळून घ्यायची; नाही तर छपरावर ठिगळं दिसतात.

हिशेबापेक्षा सुमारे १० टक्के कौलं जास्त मागवा. काही वाहतुकीत फुटतील, काही कापण्यात जातील, आणि उरतील ती ठेवायची. कारखाने साचे बदलतात, आणि दहा वर्षांनी फांदी पडून चार कौलं फुटली की त्याच खोबणीचं कौल शोधत हिंडावं लागतं. उरलेली घराच्या मागे, जमिनीपासून थोडी उचलून, कडेवर उभी रचून ठेवा. आडवी एकावर एक रचली तर खालची फुटतात.